दुधाचे सहा तास

खिडकीबाईंच्या खुर्चीला काटे आहेत, असं ऑफिसातला शिपाई सगळ्या नव्या माणसांना सांगायचा. ते खोटंही नव्हतं. बाई सलग वीस मिनिटं बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. एक परिच्छेद वाचायचा, उठायचं, कपाटापर्यंत जायचं, कपाट न उघडता परत यायचं आणि दुसरा परिच्छेद वाचायचा. त्यांच्या चपलांच्या आवाजावरून शेजारच्या खोलीतले लोक ओळखायचे की आज पत्र सोपं आहे की अवघड.

शेती खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर 'चौकशी खिडकी' नावाची एक खोली होती. खोलीला खिडकी मात्र नव्हती. एक टेबल, दोन कपाटं, भिंतीवर मोठं कॅलेंडर. देशानं दूध, धान्य, फळं यांबद्दल नवा नियम केला की तो आधी बाकीच्या देशांना कळवायचा, त्यांना साठ दिवस द्यायचे आणि पुढे कधीही कुणी काही विचारलं तर साठ दिवसांच्या आत उत्तर द्यायचं, हे या खोलीचं काम. व्यापाराच्या करारात तसं कबूल केलेलं होतं. दुसऱ्या देशांतही अशाच खिडक्या होत्या आणि त्यांच्यामागे अशीच कुणीतरी माणसं बसलेली होती. बाई एकोणीस वर्षं हे करत होत्या. लग्नाआधी वनस्पतिशास्त्र शिकल्या होत्या, भाषा चांगली होती, आणि दुसऱ्याच्या लिखाणातली फट त्यांना लांबूनच दिसायची. त्यांचे यजमान चष्म्याचं दुकान चालवायचे. ते म्हणायचे, "हिला लांबचं स्वच्छ दिसतं. जवळचा नंबर काढायचा राहिलाय."

त्या सोमवारी साहेबांच्या टेबलावरून एक पत्र खाली आलं. आलं म्हणजे सापडलं. बावन्न दिवस ते साहेबांच्या दुसऱ्या कुठल्या तरी फाइलच्या पोटात झोपलं होतं. उत्तराला आठ दिवस उरले होते.

पत्र समुद्रापलीकडच्या एका देशाच्या खिडकीतून आलेलं होतं. तिथे जो कुणी बसायचा तो फक्त दोन आद्याक्षरांची सही करायचा. अकरा वर्षं दोघांचा पत्रव्यवहार होता, भेट कधी नाही. माणूस सभ्य, पण चिवट. बाई त्याला मनातल्या मनात 'दोनअक्षरी' म्हणत.

दोनअक्षरीनं तीन प्रश्न विचारले होते. शाळेत मुलांना द्यायचं दूध धार काढल्यापासून सहा तासांच्या आत शाळेत पोहोचलंच पाहिजे, असा तुमचा नियम आहे. त्यामुळे आमची दुधाची पावडर आपोआप बाद होते. पावडरीचं दूध सुरक्षित आहे हे तुम्हीही मानता. मग पहिला प्रश्न, सहा तास हा आकडा कुठल्या अभ्यासातून आला? दुसरा, मुलांचं आरोग्य हाच उद्देश असेल तर तो याहून सौम्य अटीनं साधणार नाही का? आणि तिसरा प्रश्न अगदी साध्या शब्दांत होता: हा आकडा काही ठरावीक उत्पादकांना बसेल असा बेतून घेतला आहे काय?

बाई उठल्या. कपाटापर्यंत गेल्या. या वेळी कपाट उघडलंही आणि आत काय पाहायचं होतं हे न आठवल्यानं तसंच लावून टाकलं.

कारण आकडा बाईंनीच बेतला होता.

त्याचं असं झालं होतं. वरच्या डोंगरउतारावर तीन वस्त्या होत्या. तिथे घरागणिक दोन-तीन गाई. स्वस्त पावडर आल्यापासून त्यांचं दूध कुणी घेईना आणि घरं एकेक करून रिकामी होऊ लागली. सरकारला ती माणसं तिथे राहायला हवी होती. म्हणून ठरलं की शाळांचं दूध त्यांच्याकडून घ्यायचं. विचार चांगला होता. पण नियम बाहेर कळवण्याच्या फॉर्मवर 'उद्देश' म्हणून एक रकाना असतो आणि तिथे छापील पर्यायांपैकी एकावर खूण करायची असते. माणसांचं आरोग्य, जनावरांचं आरोग्य, झाडांचे रोग, फसवणुकीला आळा. 'डोंगरावर माणसं राहावीत' असा पर्याय नव्हता. शेवटी 'इतर' होता, पण 'इतर'वर खूण केली की शेजारच्या मोकळ्या जागेत खुलासा लिहावा लागे आणि खुलासा लिहिला की चार देशांचे प्रश्न येत. म्हणून खात्याची जुनी रीत होती: काही सुचलं नाही की आरोग्य. आरोग्याला कोण नाही म्हणतो? घरीसुद्धा बाई हेच करत. पाहुणे नको असले की डोकं दुखे, लग्नाला जायचं नसलं की यजमानांचा गुडघा.

मग आरोग्य म्हटलं की आकडा हवा. किती तास? बाईंनी फोन उचलून नणंदेला विचारलं. नणंद वरच्या वस्तीत, अगदी शेवटच्या घरात राहायची. बाई तिला वन्सं म्हणत.

"वन्सं, धार काढल्यापासून शहरातल्या शाळेत दूध पोहोचायला किती वेळ लागतो?"

"चारला धार, दहाला शाळा. का गं वहिनी?"

"सहज."

सहा, असं बाईंनी मसुद्यात पेन्सिलीनं लिहिलं. खरा आकडा प्रयोगशाळेला विचारून शाईनं लिहू, असं ठरवून. मग कुणाच्या तरी निवृत्तीचा समारंभ आला, यजमानांचा मोतीबिंदू आला, मसुदा पुढे गेला आणि पेन्सिलीचा सहा छापून आला.

तीन वर्षं झाली होती. बाईंना या सगळ्याचा विसर पडला होता, असं नाही. चोराच्या मनात चांदणं असतंच. पण शाळांतून दूध जात होतं आणि वन्संच्या वस्तीतलं एक घर परतही आलं होतं.

साहेब दारातून डोकावले. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त निवृत्तीला सात महिने राहिलेला माणूस होता. "त्यात काय एवढं? कुठलं तरी संशोधन जोडा. सहा तासांवर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असेलच."

"आणि नसेल तर?"

"बाई, ते आपली सफरचंदं घेतात. खालच्या खोऱ्यातल्या सगळ्या बागा त्यांच्या भरवशावर आहेत. त्यांनी उलटून सफरचंदांच्या सालीबद्दल प्रश्न विचारला तर काय सांगाल? उत्तर गुळगुळीत द्या."

प्रयोगशाळेतले डॉक्टर दुधाचे जाणकार, बोलायला फटकळ. बाईंनी विचारल्यावर त्यांनी हातातली परीक्षानळी खाली ठेवली. "सहा? सहाच का? पाच का नाही, साडेसात का नाही? दूध गार ठेवलं तर बारा तासही काही होत नाही. उन्हात ठेवलं तर तिसऱ्या तासाला फाटतं. हे मला कशाला विचारता? रोज दूध तापवता ना घरी?"

तेच तर बाईंना झोंबलं. रोज तापवत होत्या. उन्हाळ्यात दूध किती वेळ टिकतं हे त्यांच्या नाकाला कळायचं, त्याला डॉक्टर कशाला हवा होता?

घरी आल्यावर बाईंनी घासलेली भांडी पुन्हा घासली. यजमान वर्तमानपत्राआडून बघत होते.

"त्या पातेल्यानं काय गुन्हा केलाय?"

बाईंनी सगळं सांगितलं. यजमानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे माझी बहीण आंतरराष्ट्रीय कायद्यात बसलीय आणि तिला पत्ताच नाही."

"चेष्टा नको. खरं लिहिलं तर नियम पडेल. नियम पडला तर गाडी बंद होईल आणि वन्संचं दूध चुलीवर आटवून संपवावं लागेल. खोटं लिहिलं तर..."

"तर?"

"तर तो दोनअक्षरी पकडेल. मी त्याच्या जागी असते तर पकडलं असतं."

"मग शुक्रवारी वर जाऊन ये," यजमान म्हणाले. "इथे बसून पातेलं झिजवण्यापेक्षा."

शुक्रवारी दुपारी दुधाची गाडी रिकामे डबे घेऊन वर निघाली तेव्हा बाई ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर वही, मनगटावर घड्याळ. ड्रायव्हर बावीस वर्षं त्याच रस्त्यावर होता. तो माणसांशी मुळीच बोलायचा नाही. वळणांशी बोलायचा. "ये, ये बाई, ये," असं म्हणत तो गाडी वळवायचा आणि दर वेळी खिडकीबाई दचकायच्या.

वन्सं गोठ्यात होत्या. साठीच्या, काटक, आवाज असा की दोन शेतांवरच्या गाईनं मान वर करावी. तीन गाई होत्या. त्यातली पांढऱ्या कपाळाची वन्संची लाडकी. शेण ओढता ओढता त्यांनी भावजयीचं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू कागदावर लिहिलंस की आमचं दूध पोरांच्या तब्येतीसाठी."

"हो."

"आणि पावडरीनं तब्येत बिघडते?"

"नाही."

"मग खोटं का लिहिलंस? आम्ही काय दूध औषध म्हणून विकत होतो?" वन्संनी खोरं भिंतीला टेकवलं. "चल, तुला दाखवते. त्या चपला काढ. माझे बूट घाल."

घरामागे दगडी बांधांची शेतं पायऱ्यांसारखी खाली उतरत गेली होती. दर बांधाच्या कडेनं एक चर होता, पाणी वाहून नेणारा, हातभर रुंद. गाईंना गवत लागतं म्हणून शेत राखायचं आणि शेत राखायचं तर चर साफ ठेवायचा, एवढा साधा हिशेब. प्रत्येक घराकडे आपापल्या शेताचा चर. वन्सं पुढे चालत होत्या, मध्येच वाकून हातानं पानं काढत होत्या, जशी एखादी बाई बोलता बोलता पोराचं नाक पुसते.

शेवटच्या कुंपणापलीकडे दोन घरं बंद होती. तिथे चर दिसतच नव्हता. बांध पोटातून फुटला होता आणि त्याच्या खाली सगळा उतार सोलून निघालेला, तांबडा, उघडा, खाली दरीपर्यंत. दरीत शहराचा पाण्याचा तलाव होता. तलावाच्या एका कोपऱ्यात पाणी तांबडं होतं.

"ही माणसं गेली त्याला चार वर्षं झाली," वन्सं म्हणाल्या. "चार वर्षांत इतकं. तुमच्या नळाला येतंय ते. आता सांग, तब्येत तब्येत काय करतेस?"

 मोठे बूट चिखलात रुतत होते आणि बाई एका जागी उभ्या राहू शकत नव्हत्या. त्यांनी वहीत तलावाचा तांबडा कोपरा काढून घेतला. वाईट आला, पण आला.

"वन्सं, एक विचारू? नियम बदलला तर रोज दूध घेणार नाहीत. आठवड्यातले दोन दिवस पावडर येईल. बदल्यात चर राखण्याचं मानधन द्या, असं मी सुचवणार आहे. मिळेलच असं नाही."

"मानधन." वन्संनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "म्हणजे चार दिवस दूध आणि दोन दिवस मान."

"तुम्हाला नको असेल तर..."

"मला विचारून सहा लिहिलास का?" वन्सं म्हणाल्या. "तेव्हा 'सहज' म्हणालीस. आता विचारतेस हे बरं केलंस, एवढंच. हो म्हणायला माझ्याकडे काय आहे? नाही म्हणायला तरी काय आहे?"

पहाटे चारला धारा झाल्या. डबे भरून गाडी उतरू लागली. बाई दर थांब्याला वेळ टिपत होत्या. तीन वस्त्या झाल्या आणि मोठ्या वळणाच्या अलीकडे ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, टोपी डोळ्यांवर ओढली.

"काय झालं?"

"झोपतो."

"इथे?"

"बावीस वर्षं झाली. एक तास. पुढे अकरा वळणं आहेत. डोळा लागला तर डबे दरीत." आणि तो खरोखरच झोपला.

बाई गाडीतून उतरल्या, गाडीला सात फेऱ्या मारल्या. ड्रायव्हर मंद घोरत होता. पाच तास रस्त्याचे आणि एक तास याचा. तीन वर्षांपूर्वी चाळीस देशांना कळवलेल्या नियमात या माणसाची झोप बसलेली होती. बाईंना हसू आलं.

सोमवारी त्यांनी मसुदा साहेबांपुढे ठेवला. दोनच पानं होती. साहेब वाचत गेले तसा त्यांचा चष्मा नाकावरून घसरत गेला.

"सहा तासांना कुठल्याही अभ्यासाचा आधार नाही, हे तुम्ही लिहून देताय?"

"हो."

"आकडा दुधाच्या गाडीच्या वेळेवरून घेतला. त्यात... चालकाच्या विश्रांतीचा एक तास? बाई, हे काढा. हसतील लोक."

"साहेब, त्यांनी विचारलंय आकडा कुठून आला. तिथूनच आला."

"आणि ही ओळ. 'आकडा सुचवणाऱ्या अधिकाऱ्याची नणंद या उत्पादकांपैकी एक आहे.' हे कुणी विचारलंय?"

"तिसरा प्रश्न तोच आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. बाई टेबलासमोरून खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. साहेबांच्या खोलीला खिडकी होती. "बसा हो," साहेब म्हणाले. "मला चक्कर येते."

बाई बसल्या. हात मात्र बसेनात. "पुढचं पान वाचा," त्या म्हणाल्या.

पुढच्या पानावर 'इतर'वर खूण होती. शेजारच्या मोकळ्या जागेत लिहिलं होतं की उद्देश आरोग्य नाही, उतारावर वस्ती टिकवणं हा आहे, कारण वस्ती गेली की चर बुजतात आणि तलावात माती येते. तलावातल्या गाळाची दहा वर्षांची मापं पाणी खात्याकडून आणून जोडली होती. तासांची अट मागे घ्यायची. आठवड्यातल्या सहा दिवसांपैकी चार दिवस दूध चर राखणाऱ्या घरांचं, उरलेले दोन दिवस कुणाचंही, पावडरसुद्धा. हेतूला लागेल तेवढंच बंधन, त्याहून जास्त नाही. करारात नेमकं हेच मागितलेलं होतं.

"आणि चारच का? तीन का नाहीत, असं त्यांनी विचारलं तर?" साहेबांनी विचारलं. फाइल जरी झोपवत असले तरी डोकं शाबूत होतं.

"चारपेक्षा कमी दिवसांसाठी गाडी वर जाणं परवडत नाही. ड्रायव्हरनं आणि डेपोनं दोघांनी तेच सांगितलं. कागद जोडलाय."

साहेबांनी पेन हातात घेतलं. खाली ठेवलं. "सात महिने राहिलेत माझे."

"मग तुम्हाला काय, त्यांचं उत्तर यायच्या आत तुम्ही घरी."

साहेब हसले, आणि हसता हसता त्यांनी सही केली. 'नणंद' ही ओळ त्यांनी खोडली नाही. आपल्या हातानं तिथे फक्त 'थोरली' असा शब्द घातला, का ते त्यांनाच माहीत.

साठावा दिवस मावळण्याआधी उत्तर गेलं.

मग वाट पाहणं. बाईंना हेच काम कधी जमलं नव्हतं. कॅलेंडरसमोर उभं राहायचं, टेबलाजवळ यायचं, परत कॅलेंडर. शिपायानं पैज लावली होती की फरशी आधी झिजेल की चपला.

तेविसाव्या दिवशी पत्र आलं. तीन ओळी. खुलासा मिळाला. तासांची अट मागे घेतल्याची नोंद घेतली, चार दिवसांच्या तरतुदीवर सध्या आक्षेप नाही, दोन वर्षांनी गाळाची मापं पुन्हा कळवावीत. आणि खाली, सहीच्या वर: 'चालकाची विश्रांती नव्या वेळापत्रकातही कायम ठेवली आहे काय, हे कृपया स्पष्ट करावे.'

बाईंनी ती ओळ पाच वेळा वाचली. हा विनोद होता की प्रश्न, कळेना. अकरा वर्षांत त्या माणसानं एक शब्द जास्तीचा लिहिला नव्हता. शेवटी त्यांनी उत्तर लिहिलं: 'होय. एक तास.' आणि पाठवून दिलं.

नवा नियम लागू झाला. मानधन मंजूर झालं, मागितलं होतं त्याच्या निम्मं. त्याच महिन्यात वन्संनी पांढऱ्या कपाळाची गाय खालच्या खोऱ्यात विकली. तीन गाईंचं दूध आता खपत नव्हतं. ही बातमी यजमानांनी सांगितली, वन्संनी नाही.

पावडरीचा पहिला दिवस आला तेव्हा बाई कामाचं निमित्त न सांगता सरळ शाळेत गेल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मोठ्या पातेल्यात पावडर ढवळली गेली, पेले भरले गेले, पोरं रांगेनं आली, प्यायली, ओठांवरच्या पांढऱ्या मिशा हातानं पुसून पळाली. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. बाई वाट पाहत होत्या की कुणीतरी एक घोट घेऊन पेला खाली ठेवेल. कुणीच ठेवला नाही.

दुपारी ऑफिसात फोन वाजला. वन्संचा होता.

"आज पावडरीचा वार ना?"

"हो."

"गेली होतीस बघायला?"

"गेले होते."

"पोरं पितात?"

बाईंच्या जिभेवर एकोणीस वर्षांची सवय आली. पितात पण थोडं उरलं, पितात पण विचारत होती, असं काहीतरी मऊ. ते त्यांनी गिळलं.

"पितात."

"आवडीनं?"

"आवडीनं, वन्सं."

पलीकडे गोठ्यातली घंटा वाजत होती. पूर्वी तीन वाजायच्या, आता दोन. 

"बरं झालं," वन्सं म्हणाल्या. "टाकून तर देत नाहीत." आणि मग नेहमीच्या आवाजात, "परवा येताना माझे बूट घेऊन ये. घालून गेलीस ते परत दिलेच नाहीस. चर काय अनवाणी साफ करू?"

फोन ठेवल्यावर बाई उठल्या. कपाटाच्या खाली, जुन्या फाइलींच्या शेजारी, मोठाले बूट उभे होते, टाचांना डोंगरावरचा तांबडा चिखल तसाच वाळलेला. त्यांनी बूट उचलले, पिशवीत घातले, पिशवी टेबलावर ठेवली. परवाला अजून दोन दिवस होते. त्यांनी पिशवी टेबलावरून काढून दाराजवळ ठेवली.